गंगाखेडच्या मामांना, स्प्लेंडरच्या मागच्या सीटवरून

मामा, साष्टांग नमस्कार.

गॅरेजचं शटर कायमचं ओढून तुम्ही गंगाखेडला निघालात, त्या दिवशी मी अंबाजोगाईला कामावर होतो. एसटीत बसवून द्यायलाही येता आलं नाही. नंतर फोन केला तर तुम्ही "जेवलास का?" विचारलंत आणि विषय मिटवलात. तुमच्या तोंडावर आभार मानायची सोय तुम्ही कधी ठेवलीच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. गेल्या 8 वर्षांत मी काढलेले जे फोटो लोकांनी पाहिले, ते काढताना गाडी कोणाच्या हातात होती आणि माझ्या गुडघ्यावर बोट कोणाचं होतं, हे चारचौघांत सांगायचंय.

ती पहाट तुम्हाला आठवत असेल. कार्तिकातली थंडी, सव्वापाच वाजलेले. सायकलवाल्यांची 200 किलोमीटरची ब्रेव्हे 6 वाजता सुटणार होती आणि माझं ते पहिलं मोठं काम. गाडी चालवायला ठरवलेल्या मुलाचा फोन बंद. गळ्यात दोन कॅमेरे अडकवून मी टपरीसमोर येरझाऱ्या घालत होतो. तुम्ही काकड्याचं भजन आटोपून आला होतात, पखवाज गोधडीच्या खोळीत. "कोणाची वाट बघायलास रे बाळा?" मी सांगितलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात, पखवाज टपरीवाल्याच्या हवाली केलात आणि म्हणालात, "सायकलीच्या पुढं पुढं जायचंय ना? मग चल की."

ज्यांना ब्रेव्हे माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ती शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पूर्ण करायचे. एका मोसमात ही चारही अंतरं पार केली की सुपर रँडोनर. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची, रात्री दिवे आणि चमकणारं जॅकेट घालायचं. बाकी ज्याचं त्याने निभवायचं.

तुम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. पण पहिल्या 10 किलोमीटरांत तुम्ही जे ओळखलंत, ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सायकलवाल्याच्या तोंडावर धूर जाऊ द्यायचा नाही. जवळून हॉर्न मारायचा नाही. अगदी पुढ्यात राहून त्याचा वारा अडवायचा नाही, कारण ती मदत झाली. ब्रेक मारायची वेळच येऊ नये अशा बेताने ॲक्सिलरेटर सोडायचा. मी मागच्या सीटवर उलटा बसलेलो, पाठ तुमच्या पाठीला टेकलेली. तुम्ही कधी गिअर बदलणार ते मला पाठीतून कळायचं.

पळत्या सायकलचा फोटो दोन तऱ्हांनी काढता येतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की सगळं जागच्या जागी थिजतं, चाकाच्या तारासुद्धा मोजता येतात. सायकल जणू स्टँडवर लावलीय. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणलं की चाकं फिरताना दिसतात आणि मागची बाभळीची झाडं रेघा होऊन जातात. पण माणसाचा चेहरा स्वच्छ यायचा तर आपली गाडी आणि त्याची सायकल यांचा वेग तंतोतंत जुळावा लागतो. ताशी 28 म्हणजे 28. मी दुसऱ्या गाड्यांवर बसून पुष्कळ फोटो वाया घालवलेत. तुमच्या स्प्लेंडरवर ते येत गेले. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "काट्याकडं कशाला बघायचं? त्याच्या पायाचा ठेका धरायचा." तुम्ही आरशात त्याचे गुडघे बघत होतात आणि त्या लयीवर गाडी ठेवत होतात. चांगला सायकलपटू मिनिटाला 80 ते 90 पायडल मारतो. तुम्ही तो आकडा कधी ऐकला नव्हतात, भजनाची लय मात्र हातात मुरलेली होती.

300 च्या ब्रेव्हेतली रात्र मी विसरणार नाही. शहागडच्या पुलाच्या अलीकडे एका पोराची ट्यूब गेली. अकरा वाजले असतील. त्याची बोटं गारठली होती, टायर रिममधून सुटत नव्हता. तुम्ही, ज्यांनी उभा जन्म पंक्चर काढण्यात घातला, दहा फुटांवर उभे. नियमाप्रमाणे कंट्रोल पॉइंट, म्हणजे कार्डावर नोंद करायची जागा, सोडली तर वाटेत कुठेही मदत करता येत नाही, आणि आपली गाडी आयोजकांच्या कामावर. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. मला हळूच म्हणालात, "हात शिवशिवायलेत रे." वीस मिनिटं तुम्ही तसेच उभे होतात. त्याची हवा भरून झाली, तो निघाला, तेव्हा तुम्ही त्याला वाकून हात जोडलेत. मी पोराचे फोटो काढले. तुमच्या त्या पाठीमागच्या हातांचा काढायला हवा होता. राहिला.

आता गाण्याचं. मामा, मला गाण्याच्या कामावर लोक बोलावतात ते तुमच्यामुळे, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याआधीही मी कार्यक्रम टिपायचो, पण गवयाचं तोंड वाकडं आणि तबलजीचे डोळे मिटलेले, असलेच फोटो यायचे. अंबडला दत्तजयंतीच्या महोत्सवात तुम्ही सोबत आलात ते गाडी चालवायला म्हणून, आणि रात्रभर माझ्याशेजारी सतरंजीवर बसलात. आलाप सुरू असताना तुम्ही माझ्या कॅमेऱ्यावर पंजा ठेवलात. "आत्ता खटखट नको." मग तबला सुरू झाला आणि माझ्या गुडघ्यावर तुमचं बोट. सोळा मात्रा, नववी मात्रा 'खाली', म्हणजे बिनजोराची, तिथे बोट उचललेलं. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तोच तुकडा, सुरू झाली की बोट जरा जोरात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधी एक हलका दाब, आणि त्या दाबावर मी बटण दाबायचो. समेवर दाबलं तर उशीर होतो, सम निघून गेलेली असते. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या फोटोत गाणारीचा हात वर होता, तबलजी तिच्याकडे बघून हसत होता आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांची मान एकाच क्षणी हललेली होती.

कॅमेऱ्याच्या आवाजाचा तिढाही तुम्हीच सोडवलात. बिनआवाजाचं शटर वापरलं तर एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. साधं शटर वापरलं तर शांत जागी तो आवाज सुईसारखा टोचतो. तुम्ही म्हणालात, "डग्ग्याच्या घुमाऱ्यात लपव की." तेव्हापासून मी तबल्याच्या जोरकस बोलाखालीच शटर दाबतो. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटजवळ भीमगीतांचे स्टेज लागतात, तिथे ढोलकी आणि गर्दी यांत काहीही लपतं. पण तिथेही मी सवयीने ठेका धरतो, आणि फोटो चांगले येतात.

पैशाचंही सांगतो, कारण त्यात तुम्ही मला वाचवलंत. एका आयोजकाने माझे फोटो न विचारता फ्लेक्सवर आणि पुढे जाहिरातीत वापरले. विचारायला गेलो तर म्हणाला, पैसे दिलेत ना. मी चिडून गॅरेजवर आलो. तुम्ही भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या जॉबकार्डांचा गठ्ठा दाखवलात. "काय करायचं, किती घ्यायचं, हे लिहिल्याबिगर मी नट ढिला करत नाही." मग मी कायदा वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. एखाद्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे चूक माझीच होती, मी काही लिहूनच घेतलं नव्हतं. तेव्हापासून माझं एक पानी जॉबकार्ड आहे. कुठे वापरणार, किती दिवस, हक्क कोणाकडे, आगाऊ किती. माझ्यासारखी जी पोरं लातूर-नांदेडला हे काम करतात त्यांना मी ते पाठवत असतो.

2020 मध्ये ब्रेव्हे बंद, मैफली बंद, तेव्हा तुम्ही मला गॅरेजमध्ये बसवलंत. पगार म्हणालात नाहीत, "हाताखाली पोरगा पाहिजे" म्हणालात. पोरगा नको होता तुम्हाला. एवढंच लिहितो, पुढे लिहवत नाही.

या पत्रासोबत एक फ्रेम पाठवलीय. तुम्ही कायम पुढच्या सीटवर, त्यामुळे माझ्या हजारो फोटोंत तुम्ही कुठेच नाहीत असं मला वाटायचं. परवा जुन्या हार्डडिस्कमध्ये आपल्या त्या पहिल्या सकाळचा फोटो सापडला. जालना रोड, करमाडच्या पुढे, सूर्य नुकताच वर आलेला. आपण उजेडाकडे चाललेलो, मी उलटा. सायकलवाला माझ्यासमोर सोन्यासारखा न्हालेला, आणि डांबरावर त्याच्या पुढच्या चाकापर्यंत पोचलेली एक लांब सावली. एका गाडीवर दोन माणसं, पाठीला पाठ लावून. ज्यांच्यासाठी काढला त्यांनी सावली कापून द्यायला सांगितली होती. मी तेव्हा कापून दिली होती. तुम्हाला अख्खा पाठवलाय.

खिडकीसमोर लावू नका, उन्हाने रंग उडतो. पखवाजाला कणिक लावायला तुम्ही जिथे बसता, त्या भिंतीवर जागा असेल. पुढच्या काकड्याला मी येतो. गाडी तुम्हीच काढा.

तुमचा,
मागच्या सीटवरचा