पेठांतील हौद आणि उच्छ्वास जपा

महोदय,

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८व्या शतकात, कात्रजच्या तलावातून केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर पुण्याच्या पेठांत पाणी आणणाऱ्या भूमिगत दगडी नळाचे अवशेष आजही शहरात आहेत. मात्र वाडे पाडून इमारती उभारताना ते कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. नळातील हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी बांधलेल्या उच्छ्वासांना अनेकजण पडकी विहीर समजतात. या नळाच्या पाण्याने भरणाऱ्या हौदांपैकी काळा हौद, बाहुलीचा हौद, साततोटी ही नावे पत्त्यांत उरली, पाणी भरणारी माणसे गेली.

आमच्या वाड्यामागच्या हौदाच्या काठावर घागरी टेकवून पडलेले वाटीएवढे खळगे मी लहानपणी बोटांनी चाचपत असे. गेल्या वर्षी पुनर्विकासाच्या कामात तो काठ राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये गेला आणि आम्ही पाहत राहिलो, याचे मला फार दुःख आहे.

शनिवारवाड्याइतकाच हा सामान्यांच्या रोजच्या पाण्याचा वारसाही मोलाचा आहे. महापालिकेने नळाचा मार्ग, हौद व उच्छ्वास यांची नोंद विकास आराखड्याच्या नकाशावर करावी आणि त्यावरून खोदाईची परवानगी देण्यापूर्वी जाणकारांकडून जागेची पाहणी करून घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे