साधे माग भंगारात जाण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीच्या यंत्रमाग धंद्याविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा सुताचे दर, वीज सवलत आणि मजुरीवाढ यांपुरतेच असते. हे प्रश्न निकडीचे आहेतच. परंतु साधे, म्हणजे धोट्यावर (शटलवर) चालणारे जुने माग वजनावर भंगारात निघत असताना त्यांच्याबरोबर या शहराचा इतिहासही चालला आहे, याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गिरण्या बंद पडल्या तरी मुंबईत काही चिमण्या उभ्या राहिल्या आणि तेथे काय होते हे त्या सांगत राहिल्या. इचलकरंजीला तशी चिमणी नाही, कारण हे शहर एखाद्या मोठ्या गिरणीभोवती वाढलेले नाही. विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये येथे पहिला यंत्रमाग चालवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी धंद्याला आश्रय दिला, आणि पुढे माग घराघरांत शिरला. (गायनाचार्य बाळकृष्णबुवांमुळे ज्या गावाचे नाव संगीतात गेले, तेच हे गाव.) स्वातंत्र्यानंतर गिरण्यांच्या मागांवर सरकारी बंधने आली, त्याचा लाभ यंत्रमागाला झाला आणि 1982 च्या मुंबईतील संपानंतर तर विणकामाचा मोठा भार भिवंडी-इचलकरंजीसारख्या गावांनी उचलला.

माझे वडील खर्चीवाले होते. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचे, ठरलेल्या मजुरीवर कापड विणून द्यायचे. पुढच्या खोलीत चार माग आणि मागच्या खोलीत आमचा संसार. आई धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत असे. मालक आणि कामगार यांच्यातील रेषा अशा घरांत पुसटच होती, आणि मला वाटते, या शहराचा चिवट, हिशेबी, कोणापुढे सहसा हात न पसरणारा स्वभाव त्यातूनच घडला आहे.

आता धोट्याविना चालणारे शटललेस माग आले, ते यायलाच हवे होते. मात्र गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील एका कारखान्याचे सगळे माग एका दिवसात तोडून ट्रकमध्ये भरले गेले, तेव्हा धोटा कसा धावतो हे शेजारच्या मुलांनी कधी पाहिलेलेच नव्हते, असे लक्षात आले. वहिफणी (ताण्याचे धागे वही-फणीतून ओवणे), सायझिंग (सुताला खळ देणे), जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) हे शब्दही त्यांना परके झाले आहेत.

2022 मध्ये शहराला महानगरपालिका मिळाली. तिने एखादी जुनी शेड घेऊन त्यात सात-आठ साधे माग चालू स्थितीत ठेवावेत, ते चालवायला निवृत्त जॉबर व कामगारांना मानधनावर नेमावे आणि शाळांच्या सहली तेथे आणाव्यात, अशी माझी विनंती आहे. काचेआड ठेवलेला बंद माग कोणाला काहीच सांगणार नाही. वडिलांच्या मजुरीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. असे दालन उभे राहणार असेल, तर त्या देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी