आप्पा, दोराही पास झाला

आप्पा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

वडगावातला आमचा चौदा मशिनींचा कारखाना. मुंबईच्या पार्टीनं लहान मुलींच्या फ्रॉकची ऑर्डर दिली, माल जर्मनीला जाणार होता. अट एकच: बंदी असलेले अ‍ॅझो रंग (कापड रंगवायचे एक प्रकारचे रासायनिक रंग) नकोत, आणि तसा प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. एक एजंट पैसे घेऊन दोन दिवसांत कागद आणून द्यायला तयार होता. खोटं कशाला सांगू, माझा हात पर्सकडं गेला होता.

तुम्ही आलात आणि फ्रॉक उलटा केलात. “कापडाचं राहू दे. दोरा कुठला? पायपिंग? अस्तर?” कापडाची बिलं होती. दोऱ्याचे कोन बाजारातून सुटे आणलेले, त्यांचं बिल कुठून असणार!

सगळेच अ‍ॅझो रंग वाईट नव्हेत, हे तुम्ही कटिंग टेबलावर चहा पिता पिता समजावलंत. त्यातले काही घामानं, लाळेनं फुटतात आणि कॅन्सर करणारे अमाइन नावाचे पदार्थ सुटतात. युरोपच्या यादीत असे 22 अमाइन आहेत, किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत. आपल्याकडंही अशा रंगांवर 1997 पासून बंदी आहे, आणि मला पंधरा वर्षं या धंद्यात घालवून ते ठाऊक नव्हतं. “पोर कॉलर चोखत बसतंय की गं,” एवढंच म्हणालात. एजंटाचा नंबर मी त्याच रात्री पुसला.

चाचणी रंगागणिक होते, म्हणून तुम्ही सातांचे तीन रंग करायला लावलेत. लिंबू रंग गेला तेव्हा मी रुसले होते, आठवतंय? निकेलची टिचबटणं काढून कापडी बंद लावले. रंगाईवाल्याकडून प्रत्येक ताग्याचा लॉट नंबर लिहून घ्यायची सवय मात्र अजून अंगवळणी पडायची आहे. पोरी विसरतात, मीही विसरते.

मुंबईहून रिपोर्ट आला. तिन्ही रंग पास, दोराही पास.

फी विचारली तर तुम्ही फाटकी पिशवी पुढं केलीत, बंद शिवून दे म्हणून. मी मशीनवर बसले, तर मागून आवाज आलाच: “दोरा कुठल्या लॉटचा?”

तुमची,
वडगावची लेक