टाळ, तानपुरा आणि लिमिटर : काकांना जाहीर आभारपत्र

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

आमच्या भजनी मंडळाचा अभंगांचा अल्बम परवा सगळीकडे लागला. श्रेयनामावलीत नाव घालू दिलं नाहीत, पैशांचं विचारलं तर 'पेन्शन पुरते' म्हणून विषयच मिटवलात. मग आभार मानायचे कुठे? म्हणून हे उघड पत्र. शिवाय इंदुरात घरच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून रेकॉर्डिंग करणारी पोरं-पोरी आता गल्लोगल्ली आहेत. आवाजाच्या पातळ्या कशा सांभाळायच्या हे तुम्ही जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

बाहेरच्या एका स्टुडिओतून मास्टर होऊन, म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा हात फिरून, आलेली पहिली फाइल घेऊन मी तुमच्याकडे आले होते. आवाज मोठा होता, त्यात वाद नाही. पण गजरात टाळ वाजला की बायकांचे आवाज मागे सरकायचे, आणि ओळ संपली रे संपली की तानपुरा फुगून वर यायचा. तुम्ही दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "लिमिटर हा चौकीदार आहे, याला गवई कुणी केला?" लिमिटर म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन.

आकाशवाणीच्या नोकरीत तुमचं लिमिटरशी रोजचं नातं. मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरला मॉड्युलेशन शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं चालत नाही. आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनातही सांडतो. म्हणून तिथे आधी लिमिटर. पण स्टुडिओतल्या माणसाचा हात फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर, असायचा, म्हणून लिमिटरला काम कमीच पडायचं, हे तुम्ही त्याला जोडूनच सांगितलंत. या एका वाक्यात अख्खं मास्टरिंग होतं, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं.

सगळे ट्रॅक बंद करून तुम्ही मला फक्त टाळ ऐकवलात. मीटरवर (शून्य म्हणजे छत) टाळाचं टोक उणे ३ डेसिबलला, आणि गाण्याची सरासरी पार उणे २२ च्या आसपास. कानाला मात्र टाळ मोठा वाटत नव्हता, कारण तो टोकदार भाग जेमतेम काही मिलिसेकंदांचा. कान सरासरीवर जातो, मीटरचं टोक ठोक्यावर. आवाज वर न्यायला गेलं की आधी टाळच छताला लागायचा, आणि शेवटचा लिमिटर टाळ दाबताना सोबत गळा, पेटी, तबला सगळंच दाबायचा. तुम्ही टाळाच्या ट्रॅकवरच वेगळा लिमिटर बसवून ४ डेसिबल काढलेत. टाळ होता तसाच वाजला, आणि बाकी सगळ्यांना वर यायला जागा झाली. ती तुलना मी अजून जपून ठेवली आहे. कुणी शिकायला आलं की आधी तीच ऐकवते.

गळ्याचं तर तुम्ही सुरुवातीला कंप्रेसरला, म्हणजे मोठा आवाज दाबून चढ-उतार कमी करणाऱ्या साधनाला, हातच लावू दिला नाहीत. आधी ओळीच्या शेवटी विरणारी अक्षरं माझ्याकडून हातानं एकेक करून वर घेववलीत, मग दोन हलके कंप्रेसर, प्रत्येकाचं काम दोन-तीन डेसिबलचं. एकाच कंप्रेसरला सहा डेसिबल दाबायला लावलं की गाणारीचा श्वास ऐकू यायला लागतो, तसं इथे झालं नाही.

पूर्ण मिक्सवरचा कंप्रेसर तुम्ही १.५ : १ (मर्यादेवर गेलेल्या दीड डेसिबलचा एक करणारा) असा अगदी सौम्य ठेवलात. अटॅक ३० मिलिसेकंद, म्हणजे तबल्याचा बोल सुटून गेल्यावर पकड बसते. डग्ग्याचा घुमारा कंप्रेसरला हुकूम देत होता, म्हणून कंप्रेसरच्या साइडचेनमधून, म्हणजे तो जे ऐकून दाबतो त्यातून, १०० हर्ट्‌झच्या खालचं काढून टाकलंत. डग्गा घुमत राहिला, पण त्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला पेटी खाली बसायची ती थांबली. आणि रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेळ, लयीवरून. भजनी ठेका मिनिटाला १२० मात्रांचा असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची. कंप्रेसरच्या मीटरची सुई पुढच्या मात्रेच्या आत जागेवर यायला हवी. तानपुऱ्याचं फुगणंही दाब सौम्य केल्यावर आपोआप गेलं, कारण सोडायला फारसं काही उरलंच नव्हतं.

दरवेळी मी खूश होऊन मान डोलावली की तुम्ही "भिया, पहले लेवल मिलाओ" म्हणायचात. (भिया म्हणजे इंदुरी भाऊ; मलाही तुम्ही भियाच म्हणता.) मोठं वाजतं ते कानाला भरदार वाटतं, खर्ज जास्त ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून कंप्रेसर चालू आणि बंद, दोन्ही एकाच पातळीवर आणून ऐकायचं. तसं ऐकल्यावर माझे निम्मे 'सुधार' मीच काढून टाकले.

शेवटच्या लिमिटरला मग जेमतेम दीड डेसिबलचं काम उरलं. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, उणे १ वर, कारण फाइल एएसी किंवा ऑग अशा आकसलेल्या फॉरमॅटमध्ये बदलताना टोकं थोडी वर जातात. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. उणे ८ वर कुटलेली फाइल तिथे ६ डेसिबलनं खाली येते, पण मेलेले ठोके काही परत येत नाहीत. यूट्यूबही मोठं असेल ते खाली आणतं, लहान असेल ते वर उचलत नाही.

संथ अभंग आणि गजर एकाच उंचीला आणायचा माझा हट्ट होता. त्यावर तुम्ही अमीर खाँसाहेबांचं अतिविलंबित लावलंत, काही बोलला नाहीत. दोन स्वरांमधली ती जागा आवाज वाढवून भरली असती तर उरलं काय असतं? संथ अभंग गजरापेक्षा दोन-अडीच डेसिबल खालीच ठेवले. पूर्ण अल्बम ओळीनं वाजवला की स्पॉटिफायवर हा फरक तसाच राहतो.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. गजर तुम्हाला उणे १४ ला हवा होता, मी उणे १२ ला सोडला. मंडळातल्या बायका तो फोनवरून फोनवर पाठवतात, तिथे कुणी आवाज समान करत नाही, आणि बाजूला कुकर चालू असतो. रागावू नका.

तुमचा ट्रान्झिस्टर काकूंकडे परत दिला आहे. एका स्पीकरवर तपासायची सवय मात्र ठेवून घेतली. भैरवीतल्या अभंगाची फाइल सोबतच्या पेन ड्राइव्हवर आहे. दुसऱ्या अंतऱ्यात टाळ मला अजून जरा पुढे वाटतो. लेवल मिळवून ऐका आणि कळवा.

आपली,
मंडळाची रेकॉर्डिंगवाली
इंदूर