काल फोन ठेवल्यानंतर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल मी फोन मध्येच ठेवला तो रागाने नाही. तुझा आवाज ऐकवेना. "थोडा बसलाय गं" म्हणालीस आणि लगेच शनिवारच्या आबेलार्दो हॉलमधल्या कार्यक्रमाकडे वळलीस. आज घशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू फिलिपिन्सहून गाऊन पाठवलेलं 'नासान का, इरोग' रात्री दोनदा ऐकलं. तिथल्या संगीतकार निकानोर आबेलार्दोंचं, १९२३ मधलं. आप्पा म्हणाले, तेव्हा आपल्याकडे बालगंधर्व ऐन भरात. माझं लक्ष मात्र त्या वळणावर होतं. तीन मात्रांच्या संथ चालीत, कोमल गंधाराने खाली मान घालून आलेलं गाणं उत्तरार्धात एकदम शुद्ध गंधारावर उभं राहतं. 'कुठे आहेस?' याचं उत्तर अजून आलेलं नसतं, तरी स्वर उजळतो. तुमच्या कुंदिमानचं, त्या फिलिपिनो प्रेमगीताचं, मर्म तेच ना? तिथे तू जोर लावला नाहीस, श्वासावर सोडलंस. तिथल्या गाण्याच्या बाईंनी घडवलंय तुला. इतकी वर्षं शिकवून मला ते जमलं नसतं.

पण पुढे वरच्या स्वराला आवाज फाटला. दोन्ही वेळा तिथेच माझा हात मोबाइलवर गेला.

दोन आठवडे झाले ना? मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नुसत्या ज्येष्ठमधावर राहू नकोस. कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही ताण येतो. रात्री उशिरा तळलेलं... बघ, सुरू झालं माझं. चुकलं. एकवीस वर्षांची आहेस.

विशारदच्या आधी मी तापात रोज दोन तास गायले. "आज नको" हे गुरुजींना सांगायची हिंमत झाली नाही. परीक्षा पास झाले, पण तार षड्ज परत आला नाही. नंदूमावशीला माहीत आहे, तुला कधी सांगितलं नव्हतं. तू पाळण्यात असताना मी खर्जातच गायचे, ते यामुळे.

उच्चार शिकवणाऱ्या लोलांचं, म्हणजे तिथल्या आजींचं, तू सांगितलेलं मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. तागालोगमध्ये 'लुहा' म्हणजे आसू, आणि शेवटचा 'हा' घशात पटकन अडवायचा. तो मोकळा सोडलास म्हणून त्यांनी तुला एका शब्दावर पाऊण तास बसवलं. किती भाग्य गं, दोन भाषा आणि दोन गुरू. लांबच्या मुलीसाठी इतका जीव कोण टाकतं?

म्हणूनच म्हणते, त्यांच्यापासून घशाचं लपवू नकोस. बाई रागावणार नाहीत. रागावल्या तरी शनिवार पुन्हा येईल.

तिथल्या रीतीने नमस्कार म्हणून लोलांचा हात कपाळाला लावतेस ना, तसा माझ्याकडूनही एकदा लाव. आणि बाईंना आजच सांग.

तुझी,
आई