तिच्या चुका वाचणाऱ्या ताईंना

ताई,

पहिल्या भेटीत मी लेकीची वही तुमच्यापुढे जवळजवळ आपटलीच होती. 52 वजा 17 बरोबर 45. 61 वजा 28 बरोबर 47. पानभर लाल फुल्या. 'लक्षच देत नाही हो,' हे माझं ठरलेलं वाक्य. तुम्ही ते पान बराच वेळ न्याहाळलंत आणि म्हणालात, 'अहो, ही तर नियमाने चुकतेय!'

खरंच की. वर कोणता, खाली कोणता हे न बघता ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत होती. लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका अशा एका रांगेत येत नाहीत, हे तुमच्याकडून कळलं.

मग तुम्ही कागदावर तीन ठिपके काढलेत. तेही तिने बोट ठेवून मोजले. तीन-चार ठिपके तर आपण न मोजताच ओळखतो. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अडचण, हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. शंभरातल्या साधारण 3 ते 7 मुलांना असा त्रास असतो आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही, हे सांगूनही तुम्ही शिक्का मारायची घाई केली नाहीत. आधी डोळे, कान, मग रीतसर चाचण्या.

'त्रेसष्ट' म्हटलं की ती 36 लिहायची. यावर तुम्ही हसलात. मराठीत आधी तीन ऐकू येतो, मग साठ. पोरगी ऐकलं तसं लिहितेय. आणि एकोणसाठात तर ना पाच ऐकू येतो, ना नऊ! जन्मभर मराठी बोलून माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

नंतर काड्या आल्या. पाच गठ्ठे, दोन सुट्या. त्यातून सतरा द्यायच्या म्हटल्यावर ती अडली, आणि मग तिने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबरबँड काढलं. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते तिच्या बोटांना तेव्हा कळलं. तिथवर यायला तीन आठवडे लागले. त्या काळात रात्रीचे पाढे आणि घड्याळ लावून गणितं बंद, असं तुम्ही मला बजावलं होतंत. भीतीनेच डोकं भरलं तर आकड्यांना जागा कुठून उरणार? हा गृहपाठ मात्र मला जड गेला.

परवा तिने पुन्हा 36 लिहिलं. थांबली, 'तीन आणि साठ' असं पुटपुटली आणि खोडलं. घड्याळ अजून वाचता येत नाही. मनापासून आभार, ताई. सोमवारी वही घेऊन येतोच आहोत.

तुमच्या विद्यार्थिनीचा बाबा