जुबैलच्या पत्त्यावर

चिपळूण

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडून म्हणालास, "बाबा, माझं ऑफिस एसीत आहे, तुमचे दिवस गेले आता." कबूल. पण त्याआधी तूच बोलून गेलास की चार दिवस साइटवर होतो, तेव्हापासून डोकं जड आहे. म्हणून लिहितोय. पाण्याबद्दल एक अक्षर काढणार नाही, असं तुझ्या आईला सांगितलंय.

सौदीचं वाळवंट म्हणजे कोरडं ऊन, असं इथे सगळ्यांना वाटतं. रियाधला ते खरं आहे. पारा ४५ वर गेला तरी सावलीत जीव थाऱ्यावर येतो, कारण घाम वाळतो. जुबैल-दम्मामची तऱ्हा वेगळी. तिथला समुद्र उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. आपल्या परसातल्या तीन विहिरी एकाखाली एक धरल्यास की लागला तळ. ऑगस्टात तो कढत होतो आणि रात्री त्याची वाफ किनाऱ्यावर चढते. एसीतून बाहेर पडलास की चष्मा पांढरा होतो ना, तेच ते. घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग निवत नाही आणि पाणी मात्र जातं. आलंच बघ पाणी.

त्या देशात बारमाही नदी एकही नाही आणि मी सोळा वर्षं पाण्याच्या नोकरीवर काढली. जुबैलला समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि चारशेहून जास्त किलोमीटर पाइपातून रियाधला चढवायचं. रियाध समुद्रापासून ६०० मीटर उंच. त्या लाइनच्या पंपांची ग्लँड पॅकिंग, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी दोरी, मी बदलायचो. ग्लँड पार आवळायची नसते, थेंब थेंब गळू द्यावी लागते, नाहीतर पॅकिंग जळतं. नव्या पोरांच्या जिवावर यायचं, एवढं महागाचं पाणी गळतंय म्हणून. हळूच आवळून ठेवायची.

सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही हुफूफला जायचो. खजुरीचं रानच आहे ते, लाखांनी झाडं. पूर्वी झरे आपोआप उफाळायचे, आमच्या वेळेपर्यंत पंप बसले होते. त्याच मुलखाखाली घवारचं तेलक्षेत्र, २८० किलोमीटर लांब. मुंबईहून मोजत निघालास तर चिपळूण मागे पडेल! विमानातून वाळूत हिरव्या चकत्या दिसायच्या, पंगतीला थाळ्या मांडल्यासारख्या. गव्हाची शेतं. हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं पाणी उपसून गहू काढला, परदेशांना विकलासुद्धा. पाणी खोल गेलं तेव्हा सरकारनेच हात आखडता घेतला. हे सगळं मी निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. २०२१ च्या पुरात ती गेली. घरात माळ्यापर्यंत पाणी आणि प्यायला घोट नाही, आठवतंय ना?

आता एक गोष्ट, आईला कळू देऊ नकोस. १९८७ च्या ऑगस्टात मी व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पडलो होतो. आधी घाम यायचा थांबला. मला वाटलं, चला, बरं वाटतंय. मग हुडहुडी भरली, त्या उन्हात! एका पठाणाने उचलून वर काढलं, शर्ट फाडला आणि बर्फाचं पाणी ओतत बसला. तीन दिवस दवाखान्यात होतो. घरी लिहिलं, ओव्हरटाइम होता म्हणून पत्राला उशीर झाला.

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम बंद, असा आता तिथे नियम आहे. आमच्या वेळी नव्हता. तू इंजिनियर आहेस, घड्याळ तुझ्या हातात आहे. २०२२ च्या जनगणनेत तिथल्या दर १०० माणसांत ४२ बाहेरची निघाली आणि उन्हात उभी असतात ती बहुतेक त्यातलीच. चक्कर आली तरी ती पोरं सांगत नाहीत, हजेरी कापतील म्हणून. त्यांचे चेहरे बघत जा. घाम थांबलेला माणूस... असो. भाषण झालं, माफ कर. तुला कळतं हे मला माहीत आहे. माझ्या इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, फिटर लिहिलेलं होतं, तुझ्यावर इंजिनियर. तुझ्या इकाम्याची झेरॉक्स मी पाकिटात ठेवली आहे, आक्काला दोनदा दाखवून झाली.

पेठमापातल्या हमीदभाईंचा मुलगा परवा निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि कोकमाच्या आगळाची बाटली देतोय. झाकणाला मेण लावलंय, तरी उभीच ठेव. मीठ घालून घेत जा. तिथे लबन, म्हणजे ताक, मिळतं तेही चांगलं.

आई विचारतेय, एवढं काय लिहिताय. म्हटलं, भूगोल.

तुझा,
बाबा

ता.क. सकाळी लघवीचा रंग बघत जा. गर्द पिवळा असला तर साइटवर जायचं नाही. आता परत लिहीत नाही.